इंधन टाकीचे झाकण: मृगाआधी तपासा, वेळेत बदला

(डहाणू-तलासरी भागातील ट्रॅक्टर, पॉवर टिलर, फवारणी पंप, पिकअप आणि कारसाठी)

जुलैतली उघडीप किती दिवसांची असते हे चिकू बागायतदाराला वेगळे सांगायला नको. आठ दिवसांच्या पावसानंतर एक दिवस ऊन पडते. तुम्ही पहाटे बोर्डो मिश्रण तयार करता, माणसे बोलावता, एचटीपी पंप वाडीत नेता. इंजिन पंधरा-वीस मिनिटे नीट चालते आणि बंद पडते. थोडा वेळ थांबून दोरी ओढली की पुन्हा सुरू होते आणि पुन्हा बंद पडते. प्लग बदलून होतो, कार्बोरेटर उघडून होतो. दुपारी ढग भरून येतात. बोर्डो मिश्रण त्याच दिवशी वापरायचे असते, म्हणून उरलेले वाया जाते.

अशा वेळी दोष बऱ्याचदा इंजिनात नसतो. इंधन टाकीच्या झाकणातले हवेचे बारीक छिद्र मातीने बुजलेले असते. झाकण सैल केले की इंजिन चालू लागते.

टाकीचे झाकण ही यंत्रातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. ते हरवले तर आपण चिंधी कोंबतो, रबर तुटले तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावतो. त्याची किंमत मात्र भर हंगामात मोजावी लागते. म्हणून झाकण कसे काम करते, ते कसे तपासावे आणि बदलताना काय पाहावे, हे या लेखात पाहू.

झाकणाची दोन कामे

झाकण म्हणजे फक्त टोपण नव्हे. त्याला दोन उलट कामे एकाच वेळी करावी लागतात.

१. बाहेरचे पाणी, धूळ आणि पालापाचोळा आत जाऊ द्यायचा नाही, आतले इंधन बाहेर सांडू द्यायचे नाही. हे काम झाकणाखालचे रबर, म्हणजे वायसर किंवा ओ-रिंग करते.

२. टाकीतले इंधन जसे कमी होईल तशी त्या जागी हवा आत येऊ द्यायची. हे काम बारीक छिद्र किंवा झडप करते.

दुसरे काम अनेकांच्या लक्षात येत नाही. पाण्याने भरलेल्या बाटलीला घट्ट बूच लावा आणि तळाला एक बारीक भोक पाडा. थोडे पाणी येईल आणि थांबेल. बूच सैल केले की पुन्हा धार लागेल. टाकीचेही तसेच आहे. वरून हवा आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि इंधन खाली उतरत नाही. पॉवर टिलर, एचटीपी पंप आणि लहान इंजिनांमध्ये इंधन टाकीतून बहुतेक स्वतःच्या वजनानेच खाली येते. त्यामुळे तिथे हा दोष लगेच जाणवतो.

आपल्या भागात झाकण लवकर का खराब होते

- पाऊस: डहाणू-तलासरीत वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ट्रॅक्टर आणि टिलर या काळात खाचरात किंवा बांधावर उघड्यावर उभे असतात. झाकणाभोवती पाणी साचते. दिवसभर तापलेली टाकी रात्री थंड झाली की आतली हवा आकसते आणि सैल रबराजवळ साचलेले पाणी आत ओढले जाते.
- खारा वारा: बोर्डी, घोलवड, डहाणू, चिंचणी या किनारपट्टीत झाकणाची स्प्रिंग, कुलूप आणि बिजागरी लवकर गंजते. गंजलेली स्प्रिंग झाकण दाबून धरत नाही.
- धूळ आणि चिखल: कासा, उधवा, सूत्रकार या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर उन्हाळ्यात धूळ आणि चिखलणीच्या वेळी चिखल उडतो. हवेचे छिद्र बुजते ते यामुळेच.
- बोर्डो मिश्रण: यातले मोरचूद लोखंड खाते. फवारणीनंतर पंप धुतला जातो, पण टाकीचे झाकण तसेच राहते.

कोणत्या वाहनाला कोणते झाकण

सगळी झाकणे दिसायला सारखी वाटली तरी आतून वेगळी असतात. एकाचे दुसऱ्याला लावू नये.

ट्रॅक्टर, पॉवर टिलर, डिझेल इंजिन: साधारणपणे हवेचे छिद्र असलेले झाकण असते. काही ट्रॅक्टरमध्ये हवेची नळी टाकीला वेगळी दिलेली असते आणि झाकण बंद प्रकारचे असते. तुमच्या यंत्रात काय आहे ते पुस्तिकेत किंवा मेकॅनिककडून पाहून घ्या.

पाठीवरचा पेट्रोल पंप, ब्रश कटर: झाकणात किंवा टाकीवर एकाच दिशेने हवा घेणारी छोटी झडप असते. हवा आत येते, पण यंत्र तिरके झाले तरी पेट्रोल बाहेर येत नाही.

पेट्रोल कार: झाकण पूर्ण बंद असते. पेट्रोलची वाफ हवेत न जाता कोळशाच्या डब्यात शोषली जाते आणि नंतर इंजिनात जळते. झाकणात सुरक्षेसाठी झडप असते. टाकीत पोकळी वाढली की ती उघडते. हे झाकण सैल राहिले तर पेट्रोलचा वास येतो आणि काही नव्या गाड्यांत इंजिनचा पिवळा दिवाही लागतो.

डिझेल पिकअप आणि जीप: झाकण मॉडेलनुसार वेगळे असते. नव्या बीएस-६ डिझेल गाड्यांपैकी काहींना डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची दुसरी टाकी असते. ती डीईएफची, म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरियाच्या द्रावणाची. निळ्या झाकणात डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत डीईएफ कधीही ओतू नका. शेतातला युरिया पाण्यात विरघळवून तिथे टाकण्याचा विचारही करू नका. खताचा युरिया नीमलेपित असतो. त्याने धूर शुद्ध करणारी सगळी यंत्रणा निकामी होते.

झाकण बिघडल्याची लक्षणे

- इंजिन ठरावीक वेळ चालून बंद पडते, थोड्या वेळाने आपोआप सुरू होते: हवेचे छिद्र बुजले आहे.
- झाकण उघडताना हवा जोरात आत ओढल्याचा आवाज येतो: ट्रॅक्टर-टिलरमध्ये हवेचे छिद्र बंद. कारमध्ये हलकासा 'फुस्स' आवाज नेहमीचा असतो, मोठा आणि दर वेळी येणारा आवाज मात्र झडप अडकल्याची खूण आहे.
- पत्र्याची किंवा प्लास्टिकची टाकी आत दबलेली दिसते: हवा खूप दिवस बंद आहे. लगेच दुरुस्त करा.
- टाकीभोवती ओलसर, धूळ चिकटलेला डाग: रबर गळते आहे.
- गाडी वळणावर किंवा चढावर असताना इंधनाचा वास: रबर कडक झाले आहे किंवा झाकण नीट बसत नाही.
- पावसानंतर इंजिन अडखळते, डिझेल फिल्टरच्या काचेत किंवा वाटीत तळाला पाणी दिसते: झाकणातून पाणी गेले आहे.

पाच मिनिटांची तपासणी

इंजिन बंद करून थंड होऊ द्या. जवळ विडी, चूल किंवा चालू मोटार नको. मोकळ्या हवेत काम करा.

१. झाकण उघडण्याआधी त्याच्याभोवतीची माती ओल्या फडक्याने पुसा. नाहीतर उघडताना तीच माती टाकीत पडते.

२. झाकण उलटे करून रबर पाहा. भेगा, चपटे झालेले भाग, फुगवटा किंवा कडकपणा दिसला तर रबर संपले. नखाने दाबल्यावर ते दबून परत वर आले पाहिजे.

३. टाकीच्या तोंडाची कड बोटाने तपासा. पत्रा वाकलेला किंवा गंजलेला असेल तर नवे झाकणही गळेल.

४. कागदाची पट्टी रबराखाली ठेवून झाकण लावा आणि पट्टी ओढा. ती अडकून धरली पाहिजे. सहज निघाली तर त्या बाजूला दाब कमी आहे. चार बाजूंनी हे करून पाहा.

५. हवेचे छिद्र उजेडात पाहा. झाकण टाकीपासून दूर नेऊन सायकलच्या पंपाने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, पेट्रोल-डिझेल पोटात आणि फुप्फुसात जाणे धोक्याचे असते.

६. कार आणि पिकअपमध्ये इंधनाच्या बाहेरच्या दाराच्या आत, खालच्या बाजूला पाणी निघून जायला बारीक भोक असते. वाडीत उभ्या गाडीत चिकूची फुले, पाने आणि धूळ साचून हे भोक बुजते. मग झाकणाभोवती वाटीसारखे पाणी साचते. मऊ तार किंवा खराट्याची काडी घालून ते मोकळे करा. झाकण लावलेले असतानाच हे करा.

हवेच्या छिद्राबद्दल शंका असेल तर आणखी एक सोपी चाचणी आहे. टिलर किंवा एचटीपी पंप सपाट जागी, टाकी अर्धी असताना चालू करा. इंजिन अडखळू लागले की झाकण किंचित सैल करा. इंजिन लगेच सावरले तर दोष झाकणात आहे. ही चाचणी फक्त जागेवर उभ्या यंत्रावर करा. पाठीवर घेतलेल्या पंपावर किंवा चालत्या गाडीत कधीही नाही.

साफसफाई कशी करावी

ट्रॅक्टर-टिलरचे झाकण थोड्या स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून मऊ ब्रशने घासा, उलट बाजूने हवा मारा आणि सुकू द्या. आत जाळी किंवा स्पंज असेल तर तोही धुवा. कारचे झाकण मात्र उघडून झडप बाहेर काढू नका. ती दुरुस्त होण्यासारखी नसते. फक्त रबर आणि आटे कोरड्या फडक्याने पुसा.

रबराला ग्रीस लावू नका, त्यावर धूळ चिकटते. चावीच्या झाकणाचे कुलूप घट्ट झाले तर तेल ओतण्याऐवजी ग्रॅफाइटची पूड टाका. गाडी किंवा ट्रॅक्टर धुताना पाण्याचा जोराचा फवारा थेट झाकणावर मारू नका.

फक्त रबर बदलावे की पूर्ण झाकण?

झाकणाचे आटे, स्प्रिंग आणि झडप चांगली असतील आणि कंपनीचे रबर वेगळे मिळत असेल तर रबर बदलणे पुरते. रबर इंधनाला टिकणारे, म्हणजे नायट्राइल प्रकारचे असावे. सायकल किंवा मोटारसायकलच्या ट्यूबचे रबर पेट्रोल-डिझेलमध्ये फुगते आणि त्याचे काळे कण फिल्टरमध्ये जातात. एम-सील किंवा सिलिकॉन लावून झाकण बसवणे हा उपाय नाही.

पूर्ण झाकण बदला, जर:

- आटे झिजले असतील किंवा झाकण फिरतच राहत असेल,
- कारच्या झाकणाचा 'टक-टक' आवाज येईनासा झाला असेल,
- प्लास्टिकला तडा गेला असेल,
- स्प्रिंग गंजली असेल,
- झडप अडकली असेल.

नवीन झाकण घेताना

१. जुने झाकण सोबत न्या. डहाणू, तलासरी किंवा वापीच्या दुकानात नुसते 'ट्रॅक्टरचे झाकण' म्हटले तर कोणतेही हातात मिळू शकते.

२. यंत्राचे मॉडेल आणि वर्ष सांगा. आरसी किंवा यंत्रावरच्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

३. चार गोष्टी जुळवा: तोंडाचा व्यास, बसण्याची पद्धत (आट्यांची की पाव फेरीत अडकणारी), झाकणाच्या आतल्या भागाची खोली आणि हवेचे छिद्र आहे की नाही. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. छिद्राच्या जागी बंद झाकण लावले तर इंजिन बंद पडेल. पेट्रोल कारला छिद्राचे झाकण लावले तर वाफ बाहेर पडेल आणि आगीचा धोका वाढेल.

४. शेतात रात्री यंत्र ठेवावे लागत असेल तर कुलपाचे झाकण घ्या, पण तेही याच चार गोष्टी जुळवून. दुसरी चावी घरी ठेवा.

५. झाकणाला पट्टा किंवा साखळी असेल तर ती बसवून घ्या. झाकण हरवते ते बहुतेक वेळा टपावर किंवा मडगार्डवर ठेवून विसरल्यामुळेच.

बहुतेक साधी झाकणे काहीशे रुपयांत मिळतात. पाण्याने खराब झालेला डिझेल पंप आणि नोझल यांची दुरुस्ती हजारांत जाते.

बसवताना टाकीची कड पुसून घ्या. आट्यांचे झाकण आधी उलट दिशेला हलके फिरवा, आटे जुळल्याची जाणीव झाली की मग घट्ट करा. कारचे झाकण 'टक' आवाज येईपर्यंत फिरवा. पाना किंवा पक्कड लावू नका. नंतर दोन दिवस वास, ओल आणि बंद पडणे या तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. कारमधला इंजिनचा दिवा झाकण नीट लावल्यावर लगेच विझत नाही, काही फेऱ्या लागतात. तरीही राहिला तर गॅरेजला दाखवा.

टाकीत पाणी गेले असेल तर

इंजिन सुरू करू नका. पाणी डिझेलपेक्षा जड असते, म्हणून ते तळाला बसते आणि सुरू करताच आधी तेच ओढले जाते. पाण्याने नोझल आणि इंधन पंपाचे बारीक भाग गंजतात. पाणी बरेच दिवस राहिले तर पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढते आणि फिल्टरमध्ये काळा चिकट गाळ साठतो.

डिझेल यंत्रात फिल्टरच्या किंवा सेडिमेंटरच्या खालचा स्क्रू सोडून पारदर्शक बाटलीत थोडे डिझेल घ्या आणि दहा मिनिटे स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर तो पाण्याचा. निव्वळ डिझेल येईपर्यंत काढत राहा, फिल्टर बदला आणि एअर काढून मग इंजिन सुरू करा. पाणी जास्त असेल तर टाकी उतरवून साफ करणेच योग्य.

पेट्रोलमध्ये गोष्ट थोडी वेगळी आहे. आता पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी त्यात विरघळून जाते, म्हणून बाटलीत लगेच दिसत नाही. पाणी वाढले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर करतात. ऑईल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक पंपात हे जास्त घातक आहे, कारण त्या थरात ऑईल फारच कमी असते आणि इंजिन कोरडे चालून जाम होऊ शकते. असे पेट्रोल पूर्ण काढून टाका, गाळून पुन्हा वापरू नका. हंगाम संपल्यावर टू-स्ट्रोक पंपाच्या टाकीत पेट्रोल ठेवून देऊ नका.

काढलेले खराब इंधन विहिरीजवळ, ओहोळात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. बंद डब्यात भरून गॅरेजला द्या.

पाठीवरच्या पंपाचे झाकण: इथे तडजोड नको

ट्रॅक्टरचे झाकण गळले तर डिझेल वाया जाते. पाठीवरच्या पंपाचे झाकण गळले तर पेट्रोल माणसाच्या कपड्यांवर येते, आणि तापलेला सायलेन्सर तिथून वीतभर अंतरावर असतो. पंप तुमचा असेल, पण तो पाठीवर घेणारा बहुधा दुसराच असतो. तो वास येतो म्हणून तक्रार करेलच असे नाही.

- कामाला सुरुवात करण्यापूर्वी पेट्रोल भरलेला, बंद इंजिनाचा पंप दोन्ही बाजूंना तिरका करून पाहा. एक थेंबही आला तर तो पंप त्या दिवशी वापरायचा नाही.
- पेट्रोल भरताना पंप पाठीवरून उतरवा, इंजिन बंद करा, निदान पाच-दहा मिनिटे थंड होऊ द्या.
- टाकी काठोकाठ भरू नका. उन्हात पेट्रोल प्रसरण पावते. वरची बोटभर जागा रिकामी ठेवा.
- सांडलेले पेट्रोल पुसा आणि भरलेल्या जागेपासून काही पावले दूर जाऊन इंजिन सुरू करा.
- कपड्यांवर पेट्रोल सांडले तर कपडे बदलूनच पुढचे काम.

झाकण हरवले तर तात्पुरते काय?

चिंधी कोंबू नका. ती पावसाचे पाणी शोषून थेंबथेंब आत सोडते आणि तिचे धागे फिल्टरमध्ये जातात. प्लास्टिकची पिशवी रबरबँडने घट्ट बांधली तर हवा बंद होते. डिझेल ट्रॅक्टर घरी आणण्यापुरता टाकीच्या तोंडावर स्वच्छ जाड प्लास्टिक ठेवून सैलसर बांधा, वरून उलटा डबा ठेवा आणि हळू चालवून सरळ घरी आणा. पेट्रोलच्या यंत्राला आणि गाडीला असा कोणताही जुगाड करू नका. नवीन झाकण येईपर्यंत ते बंद ठेवा.

वर्षभराचे वेळापत्रक

- मे अखेर, मृगाच्या आधी: सर्व यंत्रांची रबरे तपासा, खराब असतील ती बदला. एक जास्तीचे झाकण घरात आणून ठेवा.
- जून ते सप्टेंबर: आठवड्यातून एकदा हवेचे छिद्र आणि दाराच्या आतले भोक मोकळे करा. फिल्टरच्या वाटीत पाणी आहे का पाहा. यंत्र उघड्यावर असेल तर टाकीवर ताडपत्री टाका. रात्री टाकी शक्यतो भरलेली ठेवा. रिकाम्या जागेत दमट हवा कमी राहिली की आत दव कमी धरते.
- प्रत्येक फवारणीनंतर: झाकण लावलेले असतानाच त्याच्यावरचे बोर्डोचे डाग ओल्या फडक्याने पुसा, मग कोरडे करा.
- दसऱ्यानंतर: झाकण पूर्ण साफ करा, किनाऱ्याजवळच्या गावांत स्प्रिंग आणि कुलपाचा गंज पाहा.
- उन्हाळ्यात: टाकी काठोकाठ भरू नका, पेट्रोलची यंत्रे सावलीत ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*हवेचे छिद्र खिळ्याने मोठे केले तर चालेल का?*
नाही. पाणी आणि धूळ आत जाईल, हिंदकळून इंधनही बाहेर येईल. छिद्र साफ करा, मोठे करू नका.

*झाकण नवे आहे, तरीही इंजिन बंद पडते.*
झाकण सैल करूनही बंद पडत असेल तर दोष फिल्टर, इंधनाची नळी किंवा कॉक यांत आहे. मेकॅनिकला दाखवा.

*पिकअप चिकू भरून पहाटे निघते. तेव्हा झाकण पाहायला वेळ कुठे असतो?*
डिझेल भरताना पाहा. झाकण हातात असतेच. रबरावर एक नजर आणि लावताना एक 'टक', एवढे पुरते.

थोडक्यात

झाकणाने हवा आत घेतली पाहिजे आणि पाणी बाहेर ठेवले पाहिजे. पेट्रोल कारच्या झाकणाने वाफही आत ठेवली पाहिजे. यातले एक काम बिघडले की चिखलणीचा टिलर बांधावर उभा राहतो किंवा वाडीतली फवारणी अर्धी राहते. मृगाआधी एक सकाळ काढा, घरातल्या प्रत्येक यंत्राचे झाकण उलटे करून पाहा, आणि सुरुवात माणसाच्या पाठीवर जाणाऱ्या पंपापासून करा.